घरातल्या घरातले दुवे

मराठीत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, दोन गोष्टी सांधणारी कडी. दुसरा अरबीतून आलेला. त्याचा अर्थ प्रार्थना, आशीर्वाद. इंटरनेट मराठीत आले तेव्हा ‘लिंक’ला दुवा हे नाव मिळाले ते पहिल्या अर्थाने. पण संकेतस्थळावरच्या एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला की ते दुसरे पान लोकांना सापडू लागते. त्या दृष्टीने पाहिले तर दुसरा अर्थही अगदीच गैरलागू नाही.

आज बोलायचे आहे ते अशाच घरातल्या घरात दिलेल्या दुव्यांविषयी. म्हणजे एकाच संकेतस्थळाच्या एका पानावरून त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानाकडे जाणाऱ्या वाटांविषयी. विषय संगणकाचा वाटतो. पण त्याचा इतिहास हस्तलिखितांपासून सुरू होतो.

जुनी अरबी-फारसी हस्तलिखिते पाहिली, तर अनेकदा पानाच्या तळाशी कोपऱ्यात एकच शब्द तिरपा लिहिलेला दिसतो. तो पुढच्या पानावरचा पहिला शब्द असतो. बांधणी करणाऱ्याने पाने उलटसुलट लावू नयेत, यासाठी ही सोय. फारसीत या खुणेचे नाव ‘रकाबे’; मूळ शब्द ‘रिकाब’. घोड्याच्या खोगिराला पाय ठेवायला जी रिकीब असते, तोच हा शब्द. रिकिबीत पाय ठेवावा आणि पुढच्या पानावर चढावे!

ही वाट सरळ होती, पुढच्याच पानाची. आडव्या वाटा आल्या त्या कोशांमुळे. एफ्रिम चेंबर्स यांचा ‘सायक्लोपीडिया’ लंडनमध्ये १७२८ साली दोन खंडांत निघाला. वर्णानुक्रम लावला की ज्ञानाचे तुकडे होतात; एकाच विषयाच्या नोंदी दूरदूर जाऊन पडतात. चेंबर्स यांनी यावर उपाय केला तो ‘पहा’ या शब्दाचा. नोंदीनोंदीतून दुसऱ्या नोंदींकडे बोट दाखवले आणि विखुरलेला विषय पुन्हा जोडला.

फ्रान्समध्ये दिदरो यांनी या साध्या शब्दाची ताकद ओळखली. त्यांच्या ज्ञानकोशाच्या पहिल्या खंडात (१७५१) नरमांसभक्षकांवर एक नोंद आहे. तिच्या शेवटी वाचकाला ख्रिस्ती धर्मातल्या पवित्र भोजनविधीवरची नोंद पाहायला सांगितले आहे. टीकेचे एक अक्षर नाही. पण दोन नोंदी शेजारी आणल्या आणि सांगायचे ते सांगून झाले. संदर्भांच्या या कामगिरीबद्दल दिदरो यांनी १७५५ च्या पाचव्या खंडात उघडपणे लिहिलेही आहे. पुढे १७५९ साली राजाज्ञेने कोशाचा परवाना रद्द झाला. तरी काम थांबले नाही. १७७२ पर्यंत मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड पूर्ण झाले. कोणती गोष्ट कशाला जोडायची, हा निर्णय वाटतो तेवढा किरकोळ नसतो, हे यातून दिसते.

आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले, त्यात एक संपूर्ण खंड सूचीला दिला. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोश निघू लागला. त्याच्या नोंदींत बाणाची खूण असते आणि अनेक नोंदींच्या शेवटी ‘पहा’ म्हणून इतर नोंदींची नावे असतात. ते वाचून एका खंडावरून उठून दुसरा खंड काढणे, हा ग्रंथालयात बसणाऱ्यांचा नेहमीचा उद्योग.

हे उठणे वाचवावे, ही कल्पना १९४५ साली अमेरिकेतले व्हॅनिव्हर बुश यांनी एका लेखात मांडली. कागदपत्रांमधून वाचकाने स्वतःच्या वाटा पाडाव्यात आणि जपाव्यात, असे यंत्र त्यांनी कल्पिले. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी अशा जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी तिथली माहिती हरवू नये म्हणून दुव्यांचे जाळे सुचवले. त्यातून आजचे वेब उभे राहिले.

वेब वाढले तसा प्रश्न आला, एवढ्या पानांतले महत्त्वाचे कोणते? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये दिलेले उत्तर विद्वानांच्या जुन्या रिवाजावर आधारलेले होते. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर पुष्कळ करतात, तो महत्त्वाचा. तसेच ज्या पानाकडे पुष्कळ पाने बोट दाखवतात, ते महत्त्वाचे. आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर अधिक महत्त्वाचे. एका पानाचे वजन त्यावरच्या दुव्यांमध्ये वाटले जाते. दुव्यासाठी कोणते शब्द वापरले आहेत, हेही गुगलने पहिल्यापासून हिशेबात धरले. आज सर्च इंजिने इतर अनेक गोष्टी पाहतात. पण नवे पान शोधायला त्यांचे यंत्र अजूनही मुख्यतः दुव्यांवरून चालत येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाने आपले संकेतस्थळ केले आणि त्यावर श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्यावर चांगला लेख ठेवला. मुसलमान घरात जन्मलेल्या, ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या या कवीचा लेख आहे; पण ‘संतसाहित्य’ या पानावर त्याचा दुवा नाही, ‘श्रीगोंदा’ या पानावर नाही, वारकरी परंपरेवरच्या लेखातही नाही. शोधाच्या चौकटीत नेमके नाव टाकले तरच तो निघतो. सर्च इंजिनाचे यंत्र अशा चौकटीत नावे टाकत बसत नाही. त्याच्या लेखी तो लेख जवळजवळ नाहीच. अशा पानाला जाणकार ‘अनाथ पान’ म्हणतात.

उपाय खर्चिक नाही. मुख्य पानावरून दोन-तीन पावलांत प्रत्येक लेख गाठता यावा. जिथे विषय निघतो तिथेच, वाक्याच्या ओघात दुवा द्यावा. ‘येथे क्लिक करा’ असे लिहू नये; ‘शेख महंमद यांचा योगसंग्राम’ असे लिहावे, म्हणजे माणसाला आणि यंत्राला, दोघांनाही पुढे काय आहे ते कळते. नवा लेख ठेवला की जुन्या, वाचल्या जाणाऱ्या लेखांत जाऊन त्याचा दुवा घालावा. पानाचा पत्ता बदलला तर जुने दुवे दुरुस्त करावेत. आणि शब्दाशब्दाला दुवा लावू नये. सगळ्याच दारांवर ‘आत या’ लिहिले की पाहुणा ओसरीवरच घुटमळतो.

मराठीतले दुर्मीळ साहित्य इंटरनेटवर नाही, अशी तक्रार आपण करतो. ती काही अंशी खरी आहे. पण जे चढवले आहे, त्यातलेही कितीतरी असे वाटेविना पडून राहते. कवीला आणि त्याच्या लेखाला संकेतस्थळावर जागा देणे हे अर्धे काम झाले. संतसाहित्याच्या पानावर, इतर संतांच्या नावांच्या ओळीत त्याचेही नाव घालून तिथून त्याच्यापर्यंत वाट काढणे, हे उरलेले अर्धे. ते काम यंत्र करत नाही. ते संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसालाच करावे लागते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)