आज्ञावली-संवेष्टन

संगणकाच्या आज्ञावलीची (सॉफ्टवेअरची) मूळ संहिता घेऊन ती संगणकावर सुलभपणे बसविता येईल अशा संचात बांधण्याची प्रक्रिया. मूळ कर्त्याने आवृत्ती-क्रमांक देऊन संहितेचा पक्का संच प्रकाशित करावा व वितरकाने तोच प्रमाण मानावा, अशी रूढ पद्धत आहे. असा प्रकाशन-संच नसेल, तर प्रमाण संहिता कोणती हे ठरविण्याची जबाबदारी संवेष्टकावर येते.

इतिहास : युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘टार’ ही आज्ञा समाविष्ट झाली. चुंबकीय फितीवर अनेक फायली एकत्र साठविणे हा तिचा मूळ हेतू होता. फिती मागे पडल्या, तरी तिने बांधलेला संच हेच संहिता-वितरणाचे साधन राहिले. इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये स्थापिलेल्या डेबियन या लिनक्स वितरणात मूळ संच अबाधित राखून वितरकाचे फेरबदल वेगळे ठेवण्याची शिस्त रुळली. लायनस टॉर्व्हाल्झ यांच्या गिट प्रणालीच्या (२००५) प्रसारानंतर संहितेची भांडारेच खुली झाली आणि अनेक कर्त्यांनी स्वतंत्र संच काढणे सोडून दिले.

पद्धती : अशा वेळी संवेष्टक भांडारातील एक नोंद निश्चित करतो, तिची ओळखखूण लिहून ठेवतो व तीवरून स्वतः संच तयार करतो. डेबियनमध्ये त्यास ‘०~गिट’ व दिनांक असा क्रमांक देण्याचा प्रघात आहे. त्यामुळे कर्त्याने पुढे पहिली आवृत्ती काढल्यास ती आपोआप वरच्या क्रमाची ठरते. भांडार-सेवेने आपोआप बनविलेला संच मात्र स्थिर असतोच असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबवर संकोचनाची रीत बदलताच संहिता तीच असूनही संचांचे पडताळा-अंक बदलले व अनेकांची कामे अडली. तो बदल लगेच मागे घेण्यात आला.

मराठीच्या दृष्टीने ‘लोहित’ टंकांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली दिले. त्यांच्या पुढील विकासात पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. ‘दिंडोरी’ (जि. नासिक) हे ग्रामनाम साठविताना ऱ्हस्व इकार ‘द’नंतर येतो, पडद्यावर मात्र तो ‘द’च्या आधी दिसावा लागतो. हा क्रम मांडणी-प्रणाली लावते. अक्षररूपे व जोडाक्षरांचे नियम टंकातून येतात. म्हणून संचात टंकाची नेमकी कोणती संहिता गेली, यास महत्त्व आहे. हे टंक जेथे ठेवले जात, ते ‘फेडोरा होस्टेड’ हे संकेतस्थळ १ मार्च २०१७ रोजी बंद झाले व काम ‘पॅग्युअर’वर गेले. अशा स्थलांतरात वितरकांनी जपलेल्या प्रतीच जुन्या आवृत्तींचा आधार ठरतात.

प्रकाशन-संच असणे म्हणजे सुरक्षितता, असेही नव्हे. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकोचन-आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत चोरवाट आढळली. ती कार्यान्वित करणारा भाग प्रकाशन-संचात होता, गिट-भांडारात नव्हता. त्यानंतर संच व भांडार यांची तुलना करण्याची, तसेच शक्य तेथे थेट भांडारातील संहितेवरूनच संवेष्टन करण्याची गरज अधिक ठळक झाली.