'स्ट्राइक' या शब्दाचे मराठी पर्याय आणि गिरणगावचा कामगार इतिहास

प्रस्तावना :
इंग्रजीतील 'स्ट्राइक' या शब्दासाठी मराठीत संप, हरताळ आणि बंद असे तीन शब्द प्रचलित आहेत. शब्दकोशात ते जवळजवळ समानार्थी म्हणून दिले जातात. परंतु गिरगाव ते लालबाग या पट्ट्याच्या इतिहासात प्रत्येक शब्दाचा कर्ता आणि हेतू वेगळा राहिला आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास घटनांची जबाबदारी कोणाची, हेही चुकीचे ठरते. प्रस्तुत निबंधात या शब्दांचा वापर मुंबईच्या कामगार इतिहासाच्या संदर्भात तपासला आहे.

शब्दांचे मूळ :
१७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून काम थांबवले. शिड उतरवणे या क्रियेवरून इंग्रजी शब्दाला आजचा अर्थ आला. मराठी 'संप' मात्र काम थांबवण्यापासून नव्हे, तर एकत्र येण्यापासून सुरू होतो. गुजरातीत हाच शब्द आजही एकोपा या अर्थाने रूढ आहे. 'हरताळ' या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः 'हट्ट' म्हणजे बाजार आणि 'ताळा' म्हणजे कुलूप अशी दिली जाते. त्यामुळे त्याचा कर्ता मूलतः दुकानदार होय. 'नियमांना हरताळ फासणे' यातील हरताळ निराळा आहे. तो पिवळ्या रंगाचा खनिज पदार्थ असून हस्तलिखितातील अक्षरे पुसण्यासाठी वापरला जाई.

संप आणि हरताळ :
२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले आणि कापडबाजारही बंद राहिला. कृतीच्या स्वरूपाने पाहता परळमध्ये संप आणि बाजारात हरताळ अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी पुकारलेल्या हरताळात गिरगाव चौपाटीवर मोठा जनसमुदाय जमला. येथे मागणी मालकाकडे नव्हती, सरकारचा निषेध होता. म्हणूनच हरताळ 'पाळला' जातो, तर संप 'केला' जातो. पुढे 'बंद' हा शब्द सर्व शहराला लागू झाला. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने बंद हा सार्वत्रिक संप किंवा हरताळ यांहून वेगळा असल्याचे सांगून तो घटनाबाह्य ठरवला व सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निर्णय कायम केला.

एकोप्याची कसोटी :
१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. एका विणकराने अधिक माग चालवावेत, या मालकांच्या धोरणाला त्यात विरोध होता. याच संपात गिरणी कामगार युनियन उदयास आली. परंतु विणखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपकऱ्यांच्या नेत्यांपुढे मांडला. संप म्हणजे एकोपा असेल तर तो कोणाकोणाचा, हा प्रश्न त्यामुळे उघड झाला.

दहा वर्षांनंतर संप शब्दाची व्याख्या हाच वादाचा विषय झाला. १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाने तडजोडीची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप दंडनीय ठरवला. संप हा फार तर सेवाकराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे, तो स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात घेतली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला.

१९८२ नंतरची भाषा :
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हा संप 'बेकायदेशीर' ठरला. मराठीत संप 'मिटतो', 'फुटतो' किंवा 'मागे घेतला जातो'. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरणगावात मात्र 'संपाआधी' आणि 'संपानंतर' अशी कालगणना रूढ झाली.

येथे एक व्याकरणिक बाब महत्त्वाची आहे. 'कामगारांनी संप केला' या वाक्यात कर्ता स्पष्ट आहे. 'गिरण्या बंद पडल्या' या वाक्यात कर्ताच नाही. ही दोन वाक्ये जोडून 'संपामुळे गिरण्या बंद पडल्या' असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीची वाढती किंमत ही कारणेही होती. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनींच्या विक्रीचा मार्ग मोकळा केला, तर २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वापरासाठी सोडावयाचा हिस्सा आक्रसला. हे निर्णय घेणारे कर्ते त्या प्रचलित वाक्यातून गळून पडतात.

मालकाने गिरणी बंद करण्याला 'टाळेबंदी' हा शब्द होता. २०२० मध्ये तोच शब्द महामारीतील 'लॉकडाउन'साठी रूढ झाला आणि नव्या पिढीच्या कानी त्याचा पहिला अर्थ क्वचितच पडतो. फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचे दालन उभे राहिले. त्या खेळात 'स्ट्राइक' म्हणजे एका फेकीत दहाही पिना पाडणे.

समारोप :
हा शब्दविचार केवळ भाषिक नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपाच्या व्याख्येत आली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. व्याख्या रुंदावली की मर्यादांची कक्षाही रुंदावते, हे १९३८ च्या वादात दिसले होते. म्हणून कामगार इतिहासाच्या अध्यापनात या शब्दांचे कर्ते वेगळे ओळखणे आणि 'बंद पडणे' व 'बंद करणे' यांतील अंतर विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक ठरते.