नियम बदलला, उत्तर मात्र जुनेच : मल्टिमेथडचा इतिहास (थ्रेड)

१/ प्रोग्राम संपूर्ण लिहावा आणि मग चालवावा, ही संगणकाची रूढ रीत. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत सुरू केलेल्या लिस्पच्या परंपरेत दुसरी रीत रुजली : प्रोग्राम चालू असतानाच त्याचा एखादा भाग नव्याने लिहिणे.

२/ १९८६ साली झेरॉक्स पार्कच्या डॅनियल बॉब्रो व सहकाऱ्यांनी 'कॉमनलूप्स' मांडली. तीत एकाच नावाखाली अनेक मेथड असत. कोणती चालवायची, हे सर्व आर्ग्युमेंटांच्या प्रकारांवरून ठरे. हीच मल्टिमेथड. १९८८ मध्ये कॉमन लिस्पच्या प्रमाणीकरण समितीने ही कल्पना स्वीकारली.

३/ तेव्हाच एक प्रश्न उभा राहिला. मूळ घोषणा पुन्हा चालवली, तर आधीच्या मेथडांचे काय? कॉमन लिस्पने निवाडा दिला : घोषणेतच लिहिलेल्या मेथड जातील, स्वतंत्रपणे जोडलेल्या टिकतील.

४/ २००७ मध्ये रिच हिकी यांनी क्लोजर प्रसिद्ध केली. येथे निवडीचा नियमही प्रोग्रामरच्या हाती आला. 'डेफमल्टी' नियम सांगते. 'डेफमेथड' मेथड जोडते, आणि तीही अनेकदा दुसऱ्याच फाइलमधून.

५/ म्हणूनच एक संरक्षण आले. त्या नावाची मल्टिमेथड आधीच असेल, तर 'डेफमल्टी' पुन्हा चालवूनही काहीच घडत नाही. एरवी एक फाइल पुन्हा लोड होताच इतर फाइलींनी जोडलेल्या मेथड पुसल्या गेल्या असत्या.

६/ या संरक्षणाची किंमत मोठी. नियम दुरुस्त केला, पुन्हा चालवला, त्रुटीचा संदेश नाही. तरी उत्तर जुन्याच नियमाचे. खूण एवढीच, की पहिल्या वेळी नाव परत येते, दुसऱ्या वेळी 'निल'.

७/ उपाय तीन. नावाला आधी 'निल' देऊन पुन्हा घोषणा करणे. मग सर्व मेथड नव्याने जोडाव्या लागतात. नावच काढून टाकणे; पण इतरत्र आधी कंपाइल झालेला कोड जुन्यालाच धरून राहतो. तिसरा उपाय सर्वांत सौम्य : नियमाचे वेगळे फंक्शन लिहून 'डेफमल्टी'ला त्याचा व्हार देणे. मग ते फंक्शन बदलताच नियम बदलतो आणि एकही मेथड हरवत नाही.

८/ कॉमन लिस्पमध्ये निवडीचा नियम मुळात भाषेने ठरवलेला. तेथे सांभाळायच्या होत्या त्या मेथड. क्लोजरने नियम मोकळा केला, आणि चालू प्रोग्राममध्ये तो बदलायचा कसा, हा नवा प्रश्न त्याबरोबरच आला.