‘इंडियन फुटबॉल असोसिएशन’ या नावाविषयी

१. हे नाव वाचून ही अखिल भारतीय संस्था असावी असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः १८९३ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या या संस्थेचा अंमल पश्चिम बंगालपुरताच असून देशव्यापी महासंघ १९३७ मध्ये निराळा जन्मास आला. कलकत्त्याच्या संस्थेच्या स्पर्धेची ढाल (शील्ड) मोहन बागान या हिंदी संघाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून जिंकली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या विजयी संघालाही कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत पाऊल टाकण्यास १९१५ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही त्या श्रेणीत दोनांहून अधिक हिंदी संघ असू नयेत असा जो अन्याय्य दंडक गोऱ्या क्लबांच्या वर्चस्वाखाली चालविला गेला, तो ईस्ट बंगाल क्लबच्या झगड्यानंतर १९२५ च्या सुमारास मोडला. लीगचे अजिंक्यपद प्रथम मिळविणारा हिंदी संघ मोहमेडन स्पोर्टिंग (१९३४). आंतरप्रांतीय स्पर्धेचा ‘संतोष करंडक’ही याच संस्थेची देणगी; त्यातील ‘संतोष’ म्हणजे समाधान नव्हे, तर संस्थेचे एके काळचे अध्यक्ष मन्मथनाथ रायचौधरी यांची पूर्व बंगालमधील जमीनदारी होय.