तीन गदा, दोन पैलवान

परवा कट्ट्यावर चहा घेताना जुनाच वाद पुन्हा निघाला. महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीनदा पटकावणारे दोघंच. नरसिंग यादव (२०११, २०१२, २०१३) आणि विजय चौधरी (२०१४, २०१५, २०१६). मग मोठा कोण?

मी ताडकन म्हणालो, "विजय!" घरी येताना मात्र वाटायला लागलं, इतक्या चटकन कसं काय सांगितलं आपण?

ही स्पर्धा १९६१ पासूनची. गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, अलीकडे चंद्रहार पाटील... यांनी लागोपाठ दोनदा किताब मिळवला, पण तिसऱ्या वर्षी तो राहिला नाही. एकदा केसरी झालात की राज्यातल्या साऱ्या तालमी वर्षभर तुमचेच डाव अभ्यासत बसतात. त्यामुळे तिसरी गदा ही पहिलीपेक्षा कितीतरी अवघड.

आता विजयची बाजू. २०१६ ला आपल्या वारज्यात त्याने अंतिम लढतीत पुण्याच्या अभिजित कटकेला हरवलं. तोच अभिजित पुढच्या वर्षी भूगावला महाराष्ट्र केसरी झाला, आणि २०२३ ला हिंदकेसरी. म्हणजे समोरचा गडी कच्चा नव्हता. गंमत अशी, की हे त्या दिवशी कुणालाच कळणं शक्य नव्हतं. विजेत्याची किंमत कधीकधी हरलेला माणूस पुढे काय करतो त्यावरून ठरते.

नरसिंगची बाजू आहे वजनाची. त्याचा आंतरराष्ट्रीय गट ७४ किलोचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत आणि २०१५ च्या लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, सगळं याच गटात. केसरीचा गट मात्र भारी मल्लांचा. मुष्टियुद्धातल्या मिडलवेट विजेत्याने हेवीवेटचा पट्टा लागोपाठ तीनदा न्यावा, तसंच हे काहीसं. विजय मूळचाच भारी गटातला.

"पण बंदीचं काय?" मित्राने विचारलं होतं. २०१६ ला रिओत ऐन कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादाने नरसिंगवर चार वर्षांची बंदी घातली. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, हे त्याचं म्हणणं लवादाला पटलं नाही. निकाल तो निकाल. पण तो २०१६ च्या चाचणीचा होता. त्याआधीच्या गदांवर त्याचा डाग मागे नेऊन लावणं मला न्यायाचं वाटत नाही.

मग मी विजयचं नाव का घेतलं? खरं सांगायचं तर कुस्तीचा यात काही संबंधच नव्हता. नरसिंगचं घराणं बनारसकडचं, वडील मुंबईत दूध घालायचे. पोरगा मुंबईत वाढला, महाराष्ट्राकडून लढला, महाराष्ट्र पोलिसांत गेला. तरी मनाच्या कोपऱ्यात तो 'यादव'च राहिला, आणि चाळीसगावकडचा विजय 'आपला'! स्वतःला कुस्तीतलं कळतं म्हणवणाऱ्याने आडनाव बघून निकाल द्यावा, याची लाज वाटली.

असो. गदा दोघांच्याही तीन. पण आपल्या वजनाबाहेर जाऊन त्या जिंकल्या, म्हणून माझा कौल आता नरसिंगला. उद्या कट्ट्यावर जाऊन शब्द मागे घ्यायचाय. ते सोपं आहे. आधी विजय का म्हणालो होतो, ते सांगणं जरा जड जाईल.