उलट्या पेल्याची कुळकथा

काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवायचा, पेला उलटा करायचा आणि हात काढून घ्यायचा. पाणी सांडत नाही. महाडच्या शाळेतलं पोरही कारण सांगेल: हवेचा दाब. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की हवा विरळ होते, तरी पेलाभर पाणी तोलायला ती पुरून उरते. मग पुठ्ठा काढताच पाणी का कोसळतं?

दाब तेवढाच असतो. बिघडतो तो पृष्ठभाग. जड पाणी वर, हलकी हवा खाली. एखादी बारीक लहर उठली की पाण्याची बोटं खाली घुसतात, हवेचे फुगे वर चढतात आणि बघता बघता सगळं ढवळून निघतं. लॉर्ड रॅले यांनी 1883 मध्ये याचं गणित मांडलं. 1950 मध्ये जी. आय. टेलर यांनी दाखवलं, की यासाठी गुरुत्वाकर्षणच हवं असं नाही. हलक्या पदार्थाने जड पदार्थाला वेगाने रेटलं, तरी तेच घडतं.

पेल्याचा हा धागा पुढे फ्यूजनशी, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याशी, जुळतो. 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी भाकीत केलं: येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा माणसाच्या काबूत येईल. 1972 मध्ये जॉन नकल्स आणि सहकाऱ्यांनी एक वाट सुचवली. लेसरच्या माऱ्याने हायड्रोजन चेपायचा, द्रवरूपातल्या घनतेच्या दहा हजार पटींहून जास्त!

इथेच पेल्यातलं ते जुनं दुखणं आडवं आलं.

कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 192 लेसर झोत सोन्याचा मुलामा दिलेल्या नळकांड्यात शिरतात. तिथे उठणारे एक्स-रे आतल्या, हायड्रोजन इंधन भरलेल्या सुमारे दोन मिलिमीटरच्या गोळीचं हिऱ्याचं कवच बाहेरून उडवतात, आणि उरलेलं कवच आत दबतं. तापलेला हलका वायू जड कवचाला रेटतो; शेवटी केंद्रातलं तप्त, हलकं इंधन भोवतीच्या जड थराला थोपवतं. म्हणजे दोनदा टेलर! कवचातला कार्बन इंधनात मिसळला, की तो एक्स-रेवाटे उष्णता बाहेर टाकतो आणि पेटण्याआधीच केंद्र थंडावतं.

इंधन भरायची नळीसुद्धा अशी मिसळण सुरू करणारा दोष पेरते. म्हणून तिची जाडी 10 मायक्रॉनवरून 5 आणि मग 2 वर आणली. ऑगस्ट 2021 मध्ये 1.3 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. पण नंतरच्या प्रयत्नांत फार तर तिच्या निम्मी. कवचांतले सूक्ष्म दोष हे त्याचं एक कारण. मग कवच जरा जाड केलं, लेसरचा जोर वाढवला. 5 डिसेंबर 2022 ला 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल निघाली. मात्र ते लेसर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली होती.