प्रागचा जर्मन क्लब

फुटबॉलमधले मला फारसे कळते अशातला भाग नाही. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हे पुतण्याने तीनदा समजावून दिले आणि तीनदा मी विसरलो. पण खेळापेक्षा खेळणाऱ्यांच्या हकिकतींचा नाद जुना. त्या नादातच प्रागच्या जर्मन फुटबॉल क्लबाशी माझी गाठ पडली.

हा क्लब निघाला १८९६ साली. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातले शहर. वस्ती मुख्यतः चेक. जर्मन बोलणारे थोडे, आणि त्या थोड्यांतही ज्यूंचा भरणा मोठा. क्लब बहुतांशी या मंडळींचा. चेकांच्या लेखी ते जर्मन, आणि पुढे जर्मनांच्या लेखी ज्यू! १९०० साली लाइपझिगला जर्मन फुटबॉल संघ स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते प्रागचेच एक प्राध्यापक, फेर्दिनांद ह्युप्पे. (आपल्या कलकत्त्यात येऊन पटकीचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखचे हे शिष्य.)

१९०३ साली जर्मनीतली पहिली अजिंक्यपद-स्पर्धा झाली. प्रागची गाठ कार्ल्सरूहच्या संघाशी पडायची होती. तोच कार्ल्सरूहला तार आली, ‘सामना पुढे ढकलला आहे.’ बिचारे घरीच बसले. तार खोटी होती! ती कोणी केली, याचा छडा कधीच लागला नाही. गैरहजर म्हणून कार्ल्सरूह बाद, आणि प्राग एकही सामना न खेळता थेट अंतिम फेरीत.

३१ मे रोजी हांबुर्गशेजारच्या आल्टोना गावी कवायतीच्या मैदानावर तो सामना झाला. सारे जमले, पण धड चेंडूच सापडेना. अर्ध्या तासाने चेंडू मिळाला आणि खेळ सुरू झाला. पहिला गोल प्रागने केला. मध्यंतराला एकास एक बरोबरी होती. पण नंतर लाइपझिगने धुव्वा उडवला : सात विरुद्ध दोन. फुकटात मिळालेल्या अंतिम फेरीचे हे फळ, असे कार्ल्सरूहकर म्हणाले असतील तर त्यांना दोष कसा द्यावा?

पुढे जर्मन संघ आंतरराष्ट्रीय महासंघात गेला आणि देशाबाहेरच्या क्लबांना दार बंद झाले. प्रागचा क्लब मात्र प्रागमध्ये खेळतच राहिला. १९१८ नंतर देश बदलला, चेकोस्लोव्हाकिया झाला. या क्लबातून खेळलेला पॉल माहरर नावाचा ज्यू खेळाडू १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्या नव्या देशाकडून उतरला.

मार्च १९३९ मध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. नाव जर्मन, भाषा जर्मन. पण माणसे ज्यू. क्लब त्याच वर्षी मोडला.

माहररची रवानगी तेरेझिनच्या बंदिवासात झाली. तिथेही कैद्यांनी फुटबॉलची स्पर्धा चालवली होती! एका संघात सात गडी, मैदान म्हणजे बराकीचे अंगण. चाळिशी ओलांडलेला माहरर खाटकांच्या संघातून खेळे. १९४४ च्या उन्हाळ्याअखेर नाझींनी असा एक सामना चित्रपटासाठी टिपून घेतला, ज्यू किती मजेत आहेत हे जगाला दाखवायला. त्याचे काही तुकडे शिल्लक आहेत. कमानीकमानींतून माणसे दाटीवाटीने उभी आहेत, गोल झाला की उसळताहेत. महिन्याभरात तिथून ऑश्विट्झकडे गाड्या सुटू लागल्या. पाच आठवड्यांत सुमारे अठरा हजार माणसे गेली.

माहरर वाचला. युद्धानंतर तो अमेरिकेला गेला, आणि १९८५ साली वारला.